किनारी संशोधनात पर्यावरण-व्यवस्थापकांचा सहभाग

किनारे, खाड्या आणि खारफुटीची देखरेख ज्यांच्याकडे असते, त्यांना शास्त्रीय अभ्यासाचा विषय ठरतानाच सोबत घेण्याची कार्यपद्धती. अभ्यास संपल्यावर अहवाल हाती ठेवणे याला सहभाग म्हणता येत नाही. प्रश्न कोणता, मोजमाप कुठे आणि किती वेळा, उत्तर कोणत्या स्वरूपात हवे, हे संशोधक आणि व्यवस्थापक या दोघांनी मिळून ठरवायचे असते.

भरावाला परवानगी द्यावी का, सांडपाण्यावर किती मर्यादा घालावी, हे व्यवस्थापकाला ठरलेल्या मुदतीत सांगावे लागते. नायट्रोजनमुळे शैवाल वाढते, हे त्याला ठाऊक असते. त्याला हवा असतो आकडा.

असा आकडा कसा निघतो, हे फ्लोरिडातील टॅम्पा उपसागरात उत्तम दिसते. तिथे 1991 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाने आधी उद्दिष्ट ठरवले : सागरी गवत 1950 च्या सुमारास होते जवळजवळ तितके परत आणायचे. मग प्रश्न उलट्या क्रमाने सोडवला. तेव्हा गवत जितक्या खोलीपर्यंत वाढत होते, त्या खोलीवरच्या गवताला पृष्ठभागावरील प्रकाशाच्या साधारण एक पंचमांश प्रकाश लागतो. तेवढा खाली पोहोचायचा तर पाण्यात शैवाल किती चालेल आणि त्यासाठी नायट्रोजन किती येऊ द्यायचा? निघालेली मर्यादा स्थानिक शासनसंस्था आणि उद्योगांनी आपसात वाटून घेतली. 2014 पर्यंत उद्दिष्ट गाठले गेले. 2016 नंतर गवत पुन्हा घटू लागले, तेही नियमित मोजणी चालू होती म्हणूनच वेळीच कळले.

दक्षिण कॅलिफोर्नियात 1969 पासून चालणाऱ्या किनारी जलसंशोधन संस्थेच्या नियामक मंडळावर सांडपाणी सोडणाऱ्या यंत्रणा आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणा एकत्र बसतात. त्यामुळे मोजणीची पद्धत आधीच मान्य असते आणि निष्कर्षांवरचा वाद पुष्कळ कमी होतो. अमेरिकेच्या नदीमुख-संशोधन राखीव क्षेत्रांच्या सहयोगी निधी-योजनेत तर निष्कर्ष वापरणाऱ्यांचा सहभाग प्रस्तावातच दाखवावा लागतो.

या पद्धतीचे धोके खरे आहेत. व्यवस्थापकाची नजर चालू मुदतीवर असते. समुद्रपातळी किंवा गाळाची दशकानुदशके चालणारी नोंद सहसा कोणी मागत नाही, म्हणून तिच्यासाठी निधी वेगळा राखावा लागतो. ज्यांच्यावर नियम लागू होणार तेच प्रश्न ठरवायला बसले, तर विश्लेषण आणि प्रकाशनाचा अधिकार संशोधकांकडेच राहिला पाहिजे, आणि हे लेखी करारात आधीच नमूद असावे. अधिकाऱ्याची बदली झाली की जुळलेला संवाद तुटतो. म्हणून एकाऐवजी दोघा-तिघांना बैठकांत सामील करून घेतात आणि ठरलेले प्रश्न लिहून ठेवतात.