जर्मनीत जर्मन भाषा-साहित्याचे मास्टर्स : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

जर्मनीत मास्टर्स म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर इंजिनिअरच येतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, यूट्यूबवर आणि कन्सल्टन्सीच्या पत्रकांत फिरणारी बहुतेक माहितीही मेकॅनिकल नाहीतर डेटा सायन्सवाल्यांसाठी असते. बी.ए. जर्मन केलेल्यांना त्यातली निम्मी लागू पडत नाही, आणि जी हवी असते ती नेमकी त्यात नसते. ही माहिती अशांसाठी आहे. जर्मन भाषा, साहित्य किंवा भाषाविज्ञान यात जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स करायचे असेल तर काय लागते आणि कोणत्या क्रमाने लागते, एवढेच इथे पाहू. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे नियम वेगळे आहेत, ते यात धरलेले नाहीत.

आधी शाखा ठरवा

या विषयाला तिकडे गेर्मानिस्टिक म्हणतात. त्याच्या तीन मोठ्या शाखा आहेत : आधुनिक साहित्य, मध्ययुगीन साहित्य आणि भाषाविज्ञान. काही विद्यापीठांत तिन्ही एकाच अभ्यासक्रमात असतात, काही ठिकाणी त्यांचे वेगवेगळे मास्टर्स असतात. मध्ययुगीन शाखेला जायचे तर मध्ययुगीन उच्च जर्मन येणे गृहीत धरतात, आणि आपल्या बी.ए.मध्ये ती क्वचितच शिकवली जाते.

‘परकी भाषा म्हणून जर्मन’ हा त्याला लागूनच असलेला, पण स्वतंत्र विषय आहे. पुढे जर्मन शिकवायचे असेल तर हाच जास्त उपयोगी, आणि माझ्या मते आपल्याकडच्या बऱ्याच जणांना खरे तर हाच हवा असतो. लाइपझिगची हेर्डर इन्स्टिट्यूट यासाठी जुनी आणि नावाजलेली. डच किंवा स्कँडिनेव्हियन भाषांचे विभागही जर्मनीत आहेत. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात उत्तर युरोपचा स्वतंत्र विभाग आहे, तर बर्लिनच्याच फ्री युनिव्हर्सिटीत डच शिकता येते. पण तिथे जर्मनच्या जोडीला ती दुसरी भाषाही यावी लागते.

पात्रता : गाडी अडते ती इथे

‘माझे बी.कॉम. झाले आहे, मॅक्समुलर भवनातून सी-१ केले आहे, आता जर्मन साहित्यात मास्टर्स करीन,’ असे अनेकांना वाटते. हे सहसा होत नाही. सी-१ ही भाषेची वरची पातळी, म्हणजे भाषा येते एवढाच पुरावा. मास्टर्सला प्रवेश मिळतो तो पदवीत त्या विषयाचा अभ्यास किती झाला यावर. काफ्का मुळातून वाचता येणे वेगळे आणि साहित्यसमीक्षेचे, भाषाविज्ञानाचे पेपर दिलेले असणे वेगळे, हा फरक प्रवेश समिती काटेकोरपणे पाहते.

हा अभ्यास ईसीटीएस नावाच्या युरोपीय श्रेयांकांत मोजतात. एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन आणि परीक्षा धरून २५ ते ३० तासांचे काम. वर्षाला ६०, तीन वर्षांच्या पदवीला १८० आणि दोन वर्षांच्या मास्टर्सला १२०. त्यातले अमुक इतके जर्मनचे असावेत, अशी अट प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमावलीत दिलेली असते. आकडा ठिकाणानुसार बदलतो, तेव्हा नियमावली मुळातूनच वाचा.

आता आपले श्रेयांक त्यांच्या मापात कसे बसवायचे? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपली तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची आहे. जर्मनीतली तेवढ्याच वर्षांची पदवी १८० ची. म्हणजे ढोबळ मानाने आपल्या एका श्रेयांकाचे तिकडे दीड होतात. तुमच्या पदवीत जर्मनचे ४० श्रेयांक असतील तर ते साधारण ६० धरायला हरकत नाही. शेवटचा हिशेब अर्थात विद्यापीठाचा, पण आपण कुठे बसतो हे अर्जाआधीच कळते. तीन वर्षांचीच पदवी आहे म्हणून घाबरू नका, जर्मनीतली नेहमीची पदवीही सहा सत्रांचीच असते. आपले विद्यापीठ तिकडे मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या सरकारी माहितीसाठ्यात पाहता येते. नावापुढे ‘एच प्लस’ असेल तर मान्यता आहे.

या हिशेबाला आधार म्हणून एक कागद लागतो, आणि तो फार कमी जण वेळेवर गोळा करतात : अभ्यासक्रमाचा तपशील. मार्कशीटवर नुसते ‘जर्मन स्पेशल पेपर ३’ छापलेले असते. जर्मनीतल्या प्राध्यापकाला त्यावरून काय कळणार? म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या तुकडीचा सिलॅबस उतरवून घ्या आणि पेपरवार एक तक्ता करा. त्यात पेपरचे नाव, तास, श्रेयांक, नेमलेले लेखक किंवा घटक आणि परीक्षेचे स्वरूप एवढे असू द्या. तो जर्मनमध्येच लिहा आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का घ्या. सिलॅबस दर काही वर्षांनी बदलतो आणि जुना संकेतस्थळावरून नाहीसा होतो, त्यामुळे टी.वाय.ला असतानाच हे उरकून टाका.

पदवी दुसऱ्याच विषयाची असेल तर सरळ मार्ग म्हणजे आधी भारतातच जर्मनमध्ये एम.ए. करणे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबईत कलिना संकुलातल्या जर्मन विभागात ते करता येते. तिथल्या प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

टक्के आणि त्यांचे ग्रेड

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपले टक्के त्यात बदलायला बहुतेक ठिकाणी बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करा. त्याला जास्तीत जास्त आणि पासापुरते गुण यांच्यातल्या फरकाने भागा, आलेल्या संख्येला तीनने गुणा आणि एक मिळवा. १०० पैकी ७० गुण आणि पासाला ४० असतील तर ३० भागिले ६०, गुणिले तीन, अधिक एक. उत्तर २.५. ६२ टक्के असतील तर २.९ येतात. दहाच्या मापात ७.८ सीजीपीए असेल आणि पासाची सीमा ४ असेल तर २.१.

बऱ्याच मास्टर्सना २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो. आपल्याकडे साहित्याच्या पेपरात सत्तर टक्के पाडणे किती अवघड असते हे कला शाखेवाल्यांना सांगायला नको. सूत्राला त्याचे सोयरसुतक नाही. एटीकेटी राहिलेली असेल तर ती लपवू नका, मार्कशीटवर ती दिसतेच.

भाषेचा पुरावा

इंजिनिअर मंडळींना इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम मिळतात, तुम्हाला शिकायचे आहे ते जर्मनमधूनच. त्यामुळे आयईएल्टीएसचा इथे फारसा उपयोग नाही. चालतात त्या परीक्षा अशा : टेस्टडाफ, डीएसएच, टेल्कची सी-१ होखशूले आणि ग्योथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्या मॅक्समुलर भवनाची, सी-२. टेस्टडाफमध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत ३, ४ किंवा ५ अशी पातळी मिळते. चारही भागांत ४ असले की विद्यापीठात शिकायला सर्वसाधारणपणे पुरते, पण गेर्मानिस्टिकला काही ठिकाणी त्याहून जास्त मागतात. तसेच डीएसएच-२ की डीएसएच-३, हेही पाहून घ्या. डीएसएच जर्मनीतल्या विद्यापीठांमध्येच देता येते, म्हणून इथून अर्ज करणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

ग्योथेच्या परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्समुलर भवनात होतात. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा : ग्योथेची सी-२ सगळीकडे चालते, सी-१ बद्दल तसे म्हणता येत नाही. फी भरण्याआधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाचे पान उघडून खात्री करा.

एपीएस : याशिवाय व्हिसा नाही

भारतीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का, हे दिल्लीचे एपीएस केंद्र तपासते. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि बरीच विद्यापीठे ते प्रवेश अर्जासोबतच मागतात. शुल्क १८,००० रुपये. दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल, पासपोर्ट आणि भाषेचा पुरावा एवढे लागते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायम चालते, यंदा प्रवेश झाला नाही तर पुढच्या वर्षी तेच वापरता येते. तपासणीला काही आठवडे जातात, गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणून विद्यापीठांची यादी पक्की होण्याची वाट न पाहता हा अर्ज आधी करावा.

नावाचा घोळ इथेच उघडा पडतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि वेगळ्या रकान्यात आईचे नाव. पासपोर्टवर क्रम उलटा, कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. स्पेलिंगच चुकलेले असेल तर बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्या. तिला किती हेलपाटे पडतात हे कोणाला सांगायला नको, तेव्हा ते काम सर्वांत आधी हातात घ्या.

प्रवेश अर्ज

काही विद्यापीठे स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात, बरीच युनि-असिस्ट या बर्लिनच्या संस्थेमार्फत. युनि-असिस्टचे शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. संस्था फक्त कागद तपासते, प्रवेश विद्यापीठच देते. काही ठिकाणी उलटा क्रम असतो : युनि-असिस्टकडून ‘फाउपेडे’ (व्हीपीडी) नावाचा पूर्वतपासणीचा दाखला घ्यायचा आणि तो जोडून विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करायचा. यात एक टप्पा राहून गेला तर अर्जच झाला नाही असे धरतात.

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, त्याची नेहमीची मुदत १५ जुलै. उन्हाळी सत्र १ एप्रिलचे, मुदत १५ जानेवारी. परदेशी पदवीधरांसाठी मुदत बऱ्याचदा याच्याही आधी संपते, आणि कित्येक मास्टर्स फक्त हिवाळ्यातच सुरू होतात. आपला टी.वाय.चा निकाल नेमका जून-जुलैत लागतो. त्यावर उपाय असा की बरीच विद्यापीठे शेवटचे सत्र बाकी असतानाही, तोवरच्या मार्कशीटवर अर्ज घेतात आणि निकाल नंतर जोडू देतात.

सोबत जर्मनमधला बायोडेटा, तक्त्याच्या स्वरूपात, आणि मागितले असेल तर प्रेरणापत्र. त्यात ‘लहानपणापासून जर्मनीचे आकर्षण होते’ छापाची वाक्ये नकोत. बी.ए.च्या प्रकल्पात काय केले, कोणत्या प्रश्नावर पुढे काम करायचे आहे आणि ते याच विभागात का, हे दोन पानांत लिहा. तिथे कोण काय शिकवते ते विभागाच्या पानावर असतेच. मराठीतून जर्मनमध्ये किंवा उलट अनुवाद केला असेल तर तो जरूर सांगा.

पैसे आणि व्हिसा

सरकारी विद्यापीठांत साधारणतः शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राचा वर्गणीवजा आकार असतो. अपवाद बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याचा. हायडेलबेर्ग, ट्युबिंगेन आणि फ्रायबुर्ग इथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. गेर्मानिस्टिकचे नावाजलेले विभाग नेमके तिथेच आहेत, हे आपले दुर्दैव.

राहण्याखाण्याची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट उघडावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२. पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याच्या हप्त्याने मिळतात. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेसारखी शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र पुरते. आरोग्य विम्यासाठी वयाच्या तिशीपर्यंत सरकारी विद्यार्थी विमा मिळतो. तिशी उलटली असेल तर खासगीचा विचार आधीच करून ठेवा.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे. शुल्क ७५ युरो, ते रुपयांत भरायचे. अर्ज आता जर्मनीच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला मात्र जावे लागते. प्रवेशपत्र, एपीएस, भाषेचा पुरावा, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, विमा आणि पासपोर्ट यांचा क्रम त्यांच्या यादीप्रमाणेच लावा. पूर्वी नकार आला की दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचे. त्यामुळे एखादा कागद ‘नंतर देऊ’ म्हणून सोडू नका. प्रवेशपत्र हाती पडले की त्याच आठवड्यात व्हिसाच्या कामाला लागा.