दगडाआडचं घरटं आणि एकटा उंदीर

न्यूझीलंडमध्ये नामशेष झालेला मोआ हा भलामोठा पक्षी पुन्हा जन्माला घालणार, या घोषणेच्या बातम्या आपल्याकडेही गाजल्या. त्याच देशात आज जिवंत असलेल्या, जेमतेम 250 उरलेल्या एका पक्ष्याची मात्र कुठे ओळही येत नाही. तो म्हणजे शोअर प्लव्हर, माओरी भाषेत तुतुरुआतु. वजन साधारण 60 ग्रॅम, नराचा चेहरा काळा, चोच केशरी आणि टोकाशी काळी.

हा आपल्या टिटवीच्या कुळातला. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. उघड्यावर तिला चारी बाजू दिसतात, शत्रू लांब असतानाच ती उठते, आणि अंडी मातीत मिसळून जातात. तुतुरुआतुचं नेमकं उलट. दगडांच्या फटीत, ओंडक्याखाली, दाट झुडपात तो घरटं लपवतो. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवर मूळचे सस्तन प्राणी नव्हतेच. धोका वरून होता, स्कुआ आणि कुरव पक्ष्यांचा. ते नजरेने शिकार करतात, त्यामुळे छप्पर असलं की अंडी वाचत. नंतर माणसाबरोबर आलेले उंदीर आणि मांजर मात्र रात्री वासावर येतात. तेव्हा तेच छप्पर घात करतं, कारण आत बसलेल्या पक्ष्याला शत्रू येताना दिसतच नाही. मुख्य बेटांवरून हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच संपला. चॅटम द्वीपसमूहातल्या 218 हेक्टरच्या रंगाटिरा बेटावर उंदीर-मांजर नव्हते, म्हणून तिथे तेवढा टिकला.

पिंजऱ्यात त्याची पैदास करता येते. पहिली अंडी काढून यंत्रात उबवली की जोडी पुन्हा अंडी घालते. अडचण पुढे आहे. माना बेटावर असे पक्षी सोडले, वसाहत रुजली, आणि 2011 मध्ये एका उंदराने ती कोसळवली.

एकटा उंदीर धरणं इतकं कठीण का? 2004 मध्ये संशोधकांनी 9.5 हेक्टरच्या मोटुहोरोपापा बेटावर रेडिओ-पट्टा बांधून एक उंदीर मुद्दाम सोडला. सापळे लावले, शिकवलेली कुत्री आणली. दहा आठवडे तो हाती लागला नाही, मग 400 मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. अठराव्या आठवड्यात पेंग्विनच्या ताज्या मांसाला भुलून सापडला. नव्या बेटावर खायला भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही, मग सापळ्यातल्या आमिषाकडे तो कशाला वळेल? इतर उंदरांसोबत राहणाऱ्या उंदरासारखा ठरावीक वाटांनीही तो फिरत नाही.

म्हणून अशा बेटांवर जाताना प्रत्येक पिशवी, डबा, बूट निघण्याआधीच बंद खोलीत उघडून तपासतात.