शाब्ली
शाब्ली : फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशाच्या उत्तर टोकाला, योन जिल्ह्यातील शाब्ली या लहानशा गावाभोवती तयार होणारी पांढरी वाइन. ती शार्दोने या एकाच जातीच्या द्राक्षांपासून करतात. उष्ण प्रदेशात याच द्राक्षाच्या वाइनला पिकल्या अननसाचा वास येतो आणि ती जिभेवर जड लागते. शाब्लीत मात्र ती सडसडीत, कोरडी आणि धारदार आंबट होते. हा फरक मुख्यतः थंडीमुळे पडतो. येथे द्राक्षे सावकाश पिकतात, त्यांच्यात साखर बेताची भरते आणि आम्ल टिकून राहते.

येथील चुनखडक व चुनमिश्रित चिकणमातीचे थर सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले असून भूशास्त्रात त्या काळाला किमरिजियन म्हणतात. मळ्यातील ढेकूळ उचलून पाहिले, तर त्यात नखाएवढे, स्वल्पविरामासारखे वळलेले कालवांचे शिंपले खच्चून भरलेले आढळतात. शाब्लीला गारगोटीचा, ओल्या दगडाचा किंवा शिंपल्याचा वास येतो असे जे म्हटले जाते, त्याचा संबंध पुष्कळदा थेट या शिंपल्यांशी जोडला जातो. तो शब्दशः खरा मानता येत नाही, कारण वेलीची मुळे खडकाची चव शोषून फळात पोहोचवत नाहीत आणि वाइनमधील खनिजांचे प्रमाणही जिभेला कळण्याइतके नसते. तरीही जमिनीचे महत्त्व उणावत नाही. पाण्याचा निचरा होऊ देणारी, पण ओल धरून ठेवणारी ही जमीन वेलीची वाढ आणि फळाची पक्वता ठरवते.

सरें नदीच्या उजव्या तीरावर, गावासमोरच्या नैर्ऋत्याभिमुख टेकडीवर सात ‘ग्रां क्रू’ (सर्वोच्च प्रतीचे) मळे आहेत : ले क्लो, व्होदेझिर, व्हाल्म्यूर, प्रेझ, ब्लांशो, ग्रनूय आणि बूग्रो. त्यांचे एकत्रित क्षेत्र जेमतेम १०० हेक्टर भरते. त्यांच्याखालोखाल ‘प्रमिए क्रू’, मग साधी शाब्ली आणि शेवटी ‘पती शाब्ली’ अशी प्रतवारी आहे. शाब्ली या नावाला १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले.

ज्या थंडीने ही चव दिली, तीच पीकही नेते. एप्रिलमध्ये डोळे फुटून कोवळी पाने बाहेर पडलेली असतानाच रात्री तापमान शून्याखाली उतरते आणि एका रात्रीत वर्षाचे पीक जळून जाते. १९५७ व २०२१ ही वर्षे अशा हिमदाहासाठी लक्षात राहिली आहेत. बचावासाठी मळ्यांत मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या लावतात किंवा तुषार सिंचनाने वेलींवर रात्रभर पाणी फवारतात. दुसरा उपाय वरवर उलटा वाटतो. पण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या कवचातला कोंब शून्य अंशाच्या आसपास राहून वाचतो. मात्र उन्हाने बर्फ वितळेपर्यंत फवारा थांबवता येत नाही.

पाँतिन्यी येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातील साधूंनी बाराव्या शतकात येथील द्राक्षशेतीला आकार दिला. वाइन पुढे योन नदीतून पॅरिसला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने दक्षिणेची स्वस्त वाइन राजधानीत आणली, त्यापाठोपाठ फिलॉक्सेरा या किडीने वेली मारल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मळ्यांखालील क्षेत्र सुमारे ५०० हेक्टरांवर आले. आज ते ५,००० हेक्टरांहून अधिक आहे.

बहुतेक उत्पादक पोलादी टाक्यांत रस आंबवतात. नंतर जीवाणूंच्या क्रियेने कच्च्या सफरचंदातले तीव्र मॅलिक आम्ल दह्यातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतरित होते. ते झाले नाही, तर ही वाइन दात आंबवील. रावनो व दोविसा या घराण्यांसारखे काहीजण जुनी ओक पिंपे वापरतात. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास येथे सहसा टाळतात आणि ते योग्यच आहे, कारण एवढ्या नाजूक चवीवर तो सहज मात करतो.

ताजी शाब्ली हिरवट झाक असलेल्या फिकट सोनेरी रंगाची असते. नाकाला प्रथम लिंबाची साल व हिरवे सफरचंद, मग पांढऱ्या फुलांचा मंद दरवळ जाणवतो. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटते आणि किंचित खारट भास मागे उरतो. कच्च्या कालवांबरोबर ती घेण्याची प्रथा याच खारट आंबटपणामुळे रुजली. ग्रां क्रू वाइन मात्र लगेच उघडणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. दहा-पंधरा वर्षे मुरल्यावर तिचा रंग गडद होतो, आंबटपणाची धार गोलावते आणि मध, सुके गवत व अळंबी यांचे वास वर येतात. ती साधारण १० ते १२ अंश सेल्सियसला वाढतात; बर्फात फार गार केली, तर हे वास दबून केवळ आंबटपणा हाती लागतो.