दचकणं, आकडी की हायपरएक्प्लेक्सिया? नावाच्या घोळाची पार्श्वभूमी

खानापूर-निपाणीकडं तान्हं बाळ कुकरच्या शिट्टीनं दचकून लाकडासारखं ताठ झालं की घरचे म्हणतात ‘आकडी आली’. केसपेपर इंग्लिशमध्ये, सरकारी फॉर्म कन्नडात, घरी मराठी, आणि आकडी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात फिट्सच येतात. पण हायपरएक्प्लेक्सिया या आनुवंशिक आजारात, दचकून अंग ताठ होतं तेव्हा, बाळ पूर्ण शुद्धीवर असतं, हा फरक शब्दातच हरवतो.

बाहेरही तेच झालं. १९५८ ला स्वीडनमधल्या एका कुटुंबाची नोंद झाली ती झटके म्हणूनच. १९६२ ला नेदरलँड्समधल्या घराण्यावर लिहिताना ‘ओळख न पटलेला आनुवंशिक आजार’ एवढंच म्हटलं गेलं. १९६६ ला नाव दिलं हायपरएक्स्प्लेक्सिया, ते मूळ ग्रीक शब्दाला धरून नव्हतं म्हणून पुढच्याच वर्षी हायपरएक्प्लेक्सिया केलं, तरी दोन्ही स्पेलिंगं चालूच राहिली.

त्याहून मोठी अडचण १९६६ च्याच विभागणीची. एकाच घराण्यात जन्मापासून ताठ होणारे ते ‘मेजर’, नुसते जास्त दचकणारे ते ‘मायनर’, असे दोघं एका नावाखाली घातले. पुढं या आजाराचा जीन सापडल्यावर तपासलं तर त्या मायनरवाल्यांत जीनमधला तो दोष मिळालाच नाही. माझ्या मते ही जोडणी करायलाच नको होती, कारण तीन-चार महिन्यांपर्यंत प्रत्येकच बाळ दचकतं, आणि ‘दचकणं’ एवढंच लक्षण धरलं की खरं आजारी बाळ त्या गर्दीत दडून जातं. नाकावर हलकी टिचकी मारली की डोकं झटक्यात मागं जातं, दरवेळी जातं, ही खूण जास्त कामाची.

१९९३ ला जीएलआरए१ जीनमधला दोष सापडला आणि चित्र स्पष्ट झालं. ग्लायसिन हे मज्जारज्जूतलं ब्रेकचं रसायन, ते जिथं बसतं तिथंच बिघाड. आपल्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष, स्ट्रिकनिन, हाच ब्रेक अडवतं, म्हणून त्यानंही अंग असंच ताठतं. २००२ आणि २००६ ला आणखी दोन जीन जोडले गेले. आईबाप दोघंही ठणठणीत असून, दोघांकडून दोष असलेला जीन आला की, बाळाला हा आजार होऊ शकतो हेही कळलं, आणि मामाच्या मुलीशी लग्नं होणाऱ्या आपल्या भागात हे माहीत असायलाच हवं.

ताठ झालं की श्वास थांबू शकतो, धोका तोच. १९८९ ला इटलीतून उपाय छापून आला: बाळाचं डोकं आणि पाय पोटाकडं दुमडायचे, ताठपणा सुटतो. रोजचं औषध क्लोनाझेपाम, तेही डॉक्टरनं ठरवलेल्या डोसातच.