अझोला की डकवीड? माशांच्या हिरव्या खाद्यातली गल्लत

शेततळ्याच्या कडेला हिरवा थर तरंगताना दिसला की सरसकट ‘अझोला आलाय’ म्हणायची पद्धत पडली आहे. पुष्कळदा ते डकवीड, म्हणजे दुसरीच एक तरंगणारी वनस्पती असते. मासे दोन्ही खातात, पण वाढवायची तऱ्हा पार वेगळी, म्हणून आधी ओळख पटवून घ्या.

चिमूटभर उचलून तळहातावर पसरा. खवल्यांसारखी एकावर एक चढलेली बारीक पानं, फाटे फुटलेले, खाली लोंबणारी मुळं आणि कडक उन्हात लालसर छटा, हा अझोला. तो नेचा (फर्न) आहे, त्याला फूल येत नाही. डकवीडच्या सुट्या, गुळगुळीत टिकल्या असतात. त्यातल्या लेम्ना या प्रकाराच्या प्रत्येक टिकलीला एकच मूळ.

खरी गोम नत्रात आहे. अझोलाच्या पानातल्या पोकळीत नीलहरित शेवाळ राहतं आणि हवेतला नत्र धरून देतं. त्यामुळे युरियाची गरज नाही. स्फुरद (फॉस्फरस) मात्र हवंच, म्हणून शेणाबरोबर थोडं सुपर फॉस्फेट घालतात. डकवीडला जे मिळतं ते पाण्यातूनच. गोठा धुतलेलं पाणी मिळालं की ते झपाट्याने पसरतं आणि त्यातली प्रथिनंही वाढतात: वाळल्या वजनाच्या १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत. अझोलात ती साधारण २० ते २५ टक्के. बांगलादेशात मिर्झापूरला सांडपाण्यावर डकवीड वाढवून कार्प माशांना घातलं गेलं. पण कारखान्याच्या पाण्यावरचं डकवीड माशांना घालू नका. ते जड धातू शोषून घेतं आणि ते पुढे आपल्याच ताटात येतात.

दोन्हींत ९० टक्क्यांहून जास्त पाणी. दहा किलोची पाटी रिकामी केली तरी माशाच्या पोटात कोरडं खाद्य किलोभरही जात नाही, म्हणून पेंड-कोंडा बंद करून चालणार नाही. गवत्या मासा (ग्रास कार्प) ओला पालाच फस्त करतो. कटला प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाणारा, त्याच्यासाठी पाला सावलीत वाळवून, दळून खाद्यात मिसळावा. अझोलात तंतू जास्त, तेव्हा बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, बेतानेच द्या.

उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला की अझोला मान टाकतो. विदर्भ-मराठवाड्यात त्याच्यावर शेडनेट लागतंच. मुबलक शेणपाणी असेल तिथे मी डकवीडच निवडेन. मात्र यातलं काहीही माशांच्या तळ्यात नको, वेगळ्या खड्ड्यात वाढवा. माशांच्या तळ्यावर जाड थर बसला की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात.