नाका गेला, नाव राहिलं: घरं बांधायचा पैसा गावात असला तर काय होतं

'मामा, फुलेवाडी नाक्यावर सोडा' असं आपण अजून रिक्षात बसल्यावर सांगतो, पण तिथं ट्रक थांबवून जकात घेणारं आता कोण नाही. कोल्हापुरात २०११ ला जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, मग ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तोही माफ झाला, म्हणजे जवळपास सगळ्याच व्यापाऱ्यांना, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला भरपाई देतं, ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची असं कायद्यातच लिहिलंय. पैसे येत नाहीत असं मी म्हणणार नाही, येतात. पण आधी गावातला पैसा गावात गोळा व्हायचा आणि आता तो मुंबईला जाऊन परत येतो, आणि माझ्या मते आपल्या पोरांना गावात घर परवडतं का नाही याचं निम्मं उत्तर ह्या फरकात आहे.

माझा भाचा गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहे. लग्न ठरल्यावर त्यानं शहरात तीस लाखाचा वन बीएचके बघितला आणि आम्ही दोघं हिशोबाला बसलो. स्टँप ड्युटी पाच टक्के म्हणजे दीड लाख, तो राज्याचा. वर एक टक्का स्थानिक संस्थेच्या नावानं, म्हणजे तीस हजार, आणि तोही आधी राज्याच्या तिजोरीत जातो, मग अनुदान म्हणून खाली येतो. वर नोंदणी फी आणखी तीस हजार. भाच्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, मामा, एवढ्यात माझं दोन वर्षाचं भाडं भागतंय. शेवटी तो पाचगावात भाड्यानं राहिला, टँकरच्या पाण्यावर.

आता ह्यातलं विज्ञान काय ते बघू, कारण शहराच्या अर्थशास्त्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि समजायला सोपी आहे. घराच्या किमतीत विटा-सिमेंट-मजुरी हा एक भाग आणि जमीन हा दुसरा. विटा सगळीकडं साधारण त्याच भावात मिळतात, जमीन मात्र जागेप्रमाणं बदलते, आणि ती मालकानं काही केलं म्हणून महाग होत नाही, शेजारनं रस्ता झाला, नळाला पाणी आलं, शाळा झाली म्हणून होते. काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणणारी आपली थेट पाइपलाइन घ्या. किती वर्षं वाट बघितली, नोव्हेंबर २०२३ ला पाणी आलं. त्या योजनेचा मूळ हिशोब ८० टक्के केंद्र, १० टक्के राज्य आणि १० टक्के महापालिका असा होता, म्हणजे पैसा आपल्या सगळ्यांच्या करातला. पण पाणी आल्यावर ज्या प्लॉटची किंमत वाढणार ती वाढ प्लॉटवाल्याच्या खिशात जाणार. त्या वाढीतला एक हिस्सा गावानं परत घ्यायचा आणि त्यातनं पुढची घरं बांधायची, एवढीच आयडिया आहे, जगभर शहरं हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं करतात. फक्त त्यासाठी कर लावायचा आणि खर्च ठरवायचा अधिकार त्या शहराकडं पाहिजे.

व्हिएन्नाचं उदाहरण मला फार आवडतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची हालत वाईट होती, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. १९२२ ला व्हिएन्ना शेजारच्या प्रांतातनं वेगळं झालं, म्हणजे शहरच स्वतः एक राज्य झालं आणि स्वतःचे कर लावायला मोकळं झालं. लगेच १९२३ ला त्यांनी घरांवर एक खास कर लावला, त्याचा पैसा फक्त घरं बांधायला. लहान घराला अगदी किरकोळ आणि बंगल्याला भरमसाट, इतका की सगळ्यात महागड्या अर्धा टक्का घरांकडनं जवळपास ४५ टक्के कर यायचा. १९३४ पर्यंत त्यातनं आणि शहराच्या बाकीच्या पैशातनं ६० हजारांवर घरं उभी राहिली. त्यातली कार्ल मार्क्स होफ ही इमारत एक किलोमीटरपेक्षा लांब आहे, आत धुलाईघर, बालवाडी, दवाखाना, वाचनालय, आणि लोक आजही तिथं राहतात. शहराच्या मालकीची २ लाखांवर घरं आज आहेत आणि साधारण निम्मे व्हिएन्नाकर कुठल्या ना कुठल्या अनुदानित घरात राहतात. शहराला राज्याचा अधिकार मिळाला आणि वर्षभरात करही लागला, ह्याचा मी परत परत विचार करतो.

मँचेस्टरची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, तर खऱ्या मँचेस्टरच्याही गिरण्या अशाच बंद पडल्या होत्या. तिथं शहर आणि आजूबाजूच्या अशा १० नगरपालिका २०११ ला एका संयुक्त प्राधिकरणात आल्या, नोव्हेंबर २०१४ ला लंडनच्या सरकारबरोबर करार झाला आणि २०१७ ला लोकांनी थेट मतदान करून सगळ्या भागाचा एक महापौर निवडला. करारात दोन गोष्टी भारी होत्या. एक म्हणजे वर्षाला ३ कोटी पौंड, सलग ३० वर्षं, कशावर खर्च करायचा ते बरंचसं तिथल्या लोकांनीच ठरवायचं. दुसरी म्हणजे घरांसाठी ३० कोटी पौंडांचा फिरता फंड. फिरता म्हणजे तो अनुदान म्हणून वाटायचा नाही, बांधणाऱ्याला कर्ज द्यायचं, घरं विकली की पैसा परत, की पुढच्याला.

हा फरक आपल्या आकड्यांत मांडतो. समजा आपल्याकडं १० कोटी आहेत. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःचं घर बांधणाऱ्याला आपल्या राज्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, म्हणजे अडीच लाख, तर १० कोटीत ४०० घरांना मदत झाली आणि पैसा संपला. तेच १० कोटी घरामागं १० लाख असं कर्ज म्हणून दिले तर पहिल्या खेपेला १००च घरं. पण तीन वर्षांत पैसा परत आला तर पंधरा वर्षांत पाच खेपा, ५०० घरं, आणि १० कोटी अजून हातात. अर्थात कर्जानं घर उभं राहतं, स्वस्त होतंच असं नाही, धुणंभांडी करणाऱ्या ताईंना कर्ज नको, अनुदानच पाहिजे. म्हणून दोन्ही लागतं. मँचेस्टरवर टीका झाली ती ह्याच मुद्द्यावर, शहराच्या मध्यात उंच टॉवरना कर्जं गेली आणि त्यात परवडणारी घरं फारच थोडी. तर अधिकार मिळाला की सगळं आपोआप चांगलं होतं असं नाही, कर्ज देताना अट काय घातली हे बघावं लागतं.

तिथं पडीक गिरण्या, जुने कारखाने असलेल्या जमिनी साफ करायला वेगळा पैसा मिळतो, २०२३ च्या करारात त्यासाठी १५ कोटी पौंड ठेवलेत. कारण अशी जमीन स्वस्त दिसते पण आधी खालची घाण काढायची, जुनं बांधकाम पाडायचं हा खर्च कुठला बिल्डर स्वतःहून करत नाही, तो सरकारनं केला की मगच घर परवडतं. आपल्याकडं शाहू मिल आहे की! १९०६ ला शाहू महाराजांनी पाया घातला, २००३ च्या सुमारास बंद पडली, २७ एकर जागा ऐन शहरात. तिथं महाराजांचं स्मारक व्हावं ही सगळ्यांची भावना आहे, माझीही आहे. पण जागा राज्याच्या महामंडळाकडं, निर्णय मुंबईत, आणि गाव नुसतं मिलच्या चिमणीकडं बघत बसलंय. ज्या राजानं १८९५ ला गावाबाहेर शाहूपुरी वसवली, आधी आखली आणि मग व्यापारी आणले, त्याच्या गावात हे व्हावं ह्याचं मला वाईट वाटतं.

हद्दीचा मुद्दा तर त्याहून अवघड. महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून हद्द तीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. त्यातला मोठा भाग पंचगंगेच्या पुराखाली येतो, २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ आहे. म्हणजे शहरात जागा कमी, त्यातली बरीच पुराची, म्हणून लोक उचगाव, पाचगाव, कळंब्याला जातात. तिथल्या लोकांना हद्दवाढ नको कारण घरफाळा वाढेल आणि सोयी येतीलच ह्याची खात्री नाही, आणि त्यांची भीती मला चुकीची वाटत नाही. २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण केलं. कागदावर ते मँचेस्टरच्या त्या प्राधिकरणासारखंच दिसतं, पण थेट निवडून दिलेला माणूस नाही आणि स्वतःचा भक्कम कर नाही, मग घरं कशातनं बांधणार? त्यात महापालिकेतच नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तिच्या यादीत नगररचना आणि झोपडपट्टी सुधारणा ही शहराची कामं म्हणून लिहिलीत, पण कामं दिली आणि पैशाचं राज्यावर सोडलं. देशातल्या सगळ्या महापालिकांचं मिळून उत्पन्न जीडीपीच्या ०.६ टक्क्यांच्या आसपास आहे असं रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालात आलंय.

आणि शहराकडं पैसा नसला की काय होतं ते आपण टोलच्या वेळी बघितलंय. ४९ किलोमीटरचे रस्ते, खर्च २२० कोटी, महापालिकेकडं नाहीत म्हणून खाजगी कंपनीनं करायचे आणि गावातल्या गावात टोल घ्यायचा. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर म्हातारपणी रस्त्यावर उतरले, आया-बहिणी उतरल्या, २०१५ च्या शेवटी टोल गेला आणि कंपनीचा हिशोब राज्यानं भागवला. तेव्हा आपण टोल नको हे ठणकावून सांगितलं. रस्त्याला पैसा मग कुठनं आणायचा, ही चर्चा मात्र आंदोलन संपलं तशी थांबली.

ह्या वेळचं घरफाळ्याचं बिल आलं की जरा खालपर्यंत वाचा. माझ्या बिलात घरफाळ्याच्या ओळींखाली राज्याचा शिक्षण कर आहे, दुकानाच्या बिलात रोजगार हमीचाही, आपली महापालिका तो गोळा करून वर पाठवते. भाच्याला मी ते बिल दाखवलं तर त्यानं विचारलं, ह्यात घर बांधायची ओळ कुठली? तशी ओळ त्यात नाही. व्हिएन्नाच्या बिलात ती १९२३ ला आली होती.