चाळीस दिवस पाणी ठेवलं म्हणजे टाकी सायकल होत नाही

"मावशी, टाकी पूर्ण पिकली आहे, चाळीस दिवस झाले," असं भाच्याने गेल्या पावसाळ्यात फोनवर सांगितलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच माशांची टाकी. मागच्या काचेला त्याने स्वतः थर्माकोल कोरून, त्यावर सिमेंटचे हात देऊन केलेली खडकाची भिंत. भिंत खरोखर देखणी झाली होती. पाणी तो दर तीन दिवसांनी बदलत होता, फिल्टर रात्रंदिवस चालू होता. एक्केचाळिसाव्या दिवशी त्याने अठरा आफ्रिकन सिक्लिड मासे सोडले. सहाव्या दिवशी चार उरले.

दुकानात त्याला सांगितलं होतं, "सिमेंट आहे ना, मग महिनाभर पाणी फिरवा, टाकी आपोआप सायकल होते." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते खोडून काढायलाच हवं. सिमेंट मुरणं आणि टाकी सायकल होणं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हीत टाकी पाण्याने भरलेली असते, दोन्हीत मासे नसतात, दोन्हीला साधारण महिना लागतो आणि दोन्हीला आपण "पिकणं" म्हणतो. सारखेपणा इथेच संपतो.

सिमेंटचं काम बहुतेकांना माहीत असतं. घराच्या स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना सिमेंट वाळत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून प्रत्येक हातानंतर भिंत सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. शेवटच्या हातानंतर निदान 7 दिवस. उन्हात ठेवलेली भिंत पुढे पोपडे सोडते. थर्माकोल घ्यावा की पीयू फोम, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. जे कोरायला हातात बसतं ते घ्या. रंग मात्र सिमेंटमध्येच मिसळा, हार्डवेअरच्या दुकानातला काळा आणि पिवळा ऑक्साइड. वरून मारलेला ऑइलपेंट मला टाकीत बघवत नाही.

घट्ट झाल्यावर उरतो तो चुना. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे चुनकळी विरवल्यावर मिळतो तोच पदार्थ. तो पाण्यात उतरतो. नव्या सिमेंटला टेकलेल्या पाण्याचा पीएच, शाळेत आपण ज्याला सामू म्हणायचो तो, 12 च्या वरही जातो. उपाय एकच: भिजवा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. काम झालं की नाही हे असं ओळखायचं: भिंत बुडवलेलं पाणी आणि शेजारी बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी, दोन्ही 48 तासांनी मोजा. आकडा सारखा आला, आणि लागोपाठ तीनदा सारखा आला, की चुना संपला. बादलीतलं पाणीही तितकेच तास उघडं ठेवलेलं हवं, कारण नळाच्या ताज्या पाण्याचा पीएच हवेत राहून थोडा बदलतो. व्हिनेगर ओतून दोन दिवसांत मोकळे होणारे लोक मला भेटतात. वरचा थर तेवढ्यापुरता शांत होतो, आतला चुना आठवड्याने पुन्हा बाहेर येतो.

आता टाकी सायकल होणं. इथेच सगळे घसरतात.

सायकल होणं म्हणजे फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, खडकावर दोन कामं करणारे जिवाणू वाढणं. मासे आणि कुजणारं अन्न यांतून अमोनिया येतो. पहिलं काम त्याचं नायट्राइट करण्याचं, दुसरं नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं. अमोनिया आणि नायट्राइट माशांना मारतात, नायट्रेट बऱ्याच प्रमाणात चालतं. (दोन्ही कामं एकट्याने करणारे जिवाणूही असतात, हे 2015 मध्ये समजलं, आपल्या कामाच्या पद्धतीत त्याने फरक पडत नाही.) हे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि त्यांचं खाणं अमोनियापासूनच सुरू होतं. अमोनिया नसेल तर ते वाढत नाहीत. पाणी चाळीस दिवस फिरवा नाहीतर चारशे.

भाच्याच्या टाकीत अमोनिया आलाच कुठून? मासे नव्हते, अन्न नव्हतं. विरजण लावायला आधी दूध लागतं, त्याच्या पातेल्यात दूधच नव्हतं. "खडबडीत सिमेंटवर जिवाणू छान बसतात," असं तो म्हणाला. खरं आहे, जागा उत्तम आहे. पण जागेने पोट भरत नाही. पाणी काचेसारखं नितळ होतं, हेही त्याने सांगितलं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

समजा त्याने अमोनिया घातलाही असता, तरी दोन्ही कामं एका टाकीत एका वेळी जमत नाहीत. चुना काढायला पाणी सारखं फेकावं लागतं. सायकलला पाण्यातला अमोनिया टिकून राहावा लागतो. दर तीन दिवसांनी पाणी फेकलं तर जिवाणूंचं खाणंही मोरीत जातं. शिवाय चुन्याने पीएच 9 च्या पुढे गेला की हे जिवाणू नीट वाढत नाहीत.

भिंतीच्या टाकीत हा गोंधळ साध्या टाकीपेक्षा जास्त घातक का ठरतो, तेही पाहा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि एक जहाल. कोणतं किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर जहाल रूप साधारण 0.6 टक्के. पीएच 8 ला 5 टक्क्यांच्या आसपास. 8.5 ला सुमारे 15 टक्के, 9 ला 36 टक्के. म्हणजे एकाच मोजमापाचा अमोनिया पीएच 8.5 ला पीएच 7 पेक्षा पंचवीसपट घातक. साध्या काचेच्या टाकीत सायकल न करता सोडलेले मासे कधीकधी तगून जातात आणि मालकाला वाटतं आपलं बरोबर होतं. सिमेंटच्या भिंतीशेजारी ती सवलत नाही. भाच्याच्या पाण्याचा पीएच तेव्हाही 8.5 होता. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना एवढा पीएच चालतो, म्हणून त्याला काळजी वाटली नाही. पीएच त्यांना चालतो, त्या पीएचला अमोनिया चालत नाही.

"मग दोन गप्पी सोडून बघायचे ना," असं सुचवणाऱ्यांवर मला मनापासून राग येतो. जिवंत मासा हे मोजायचं साधन नव्हे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच यांची थेंबाची किट मिळतात, ती माशांच्या आधी घ्या.

मी दोन्ही कामं दोन वेगळ्या भांड्यांत, एकाच महिन्यात करते. भिंत दोन-दोन फुटांच्या दोन तुकड्यांत करायची, म्हणजे ती टाकीवरच्या आडव्या काचपट्टीखालून आतही जाते. तुकडे गच्चीवरच्या टबात दगडाने दाबून भिजत ठेवायचे. दुसऱ्या टबात 60 लिटर क्लोरीन काढलेलं पाणी आणि मोठ्या टाकीचाच फिल्टर. त्यात अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे हेच, पण त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो, म्हणून केमिकलच्या दुकानातलं घ्या. 60 लिटरला 0.36 ग्रॅम टाकलं की अमोनिया 2 पीपीएम, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम होतो. ओळखीच्या निरोगी टाकीतला स्पंज त्या टबात पिळला तर खूप दिवस वाचतात. तो स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात.

मात्रा दिल्यावर 24 तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं की फिल्टर तयार. पण तो 60 लिटरच्या हिशोबाने तयार आहे, हे विसरू नका. भाच्याच्या टाकीएवढ्या टाकीत भिंत आणि वाळू वजा जाता 300 लिटरच्या आसपास पाणी बसेल.

भिंतीची पाठ सिमेंटशिवाय कोरी ठेवा, भिंत काचेला चिकटवायचं सिलिकॉन तिथेच नीट धरतं. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं हवं. कडा चारही बाजूंनी बंद करा, नाहीतर मासा मागे शिरून अडकतो. आणि सिलिकॉनला आठवडाभर तरी द्या, घाई नको: सरासरी दोन इंच जाडीचा चार बाय दोन फुटांचा थर्माकोल पाण्याखाली 38 किलोच्या आसपास जोराने वर ढकलतो.

मग टाकी भरा, फिल्टर जोडा आणि 300 लिटरच्या हिशोबाने अमोनियम क्लोराइडची 1.8 ग्रॅमची पूर्ण मात्रा द्या. पहिल्यांदा ती संपायला चार-पाच दिवस लागतील. संपली की पुन्हा द्या. एका दिवसात दोन्ही आकडे शून्यावर आले की अर्ध्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट जाईल, आणि त्याच संध्याकाळी मासे आणा. भाच्याने दिवाळीनंतर असंच केलं. त्याचे जुने चार आणि नवे बारा, सोळाही आज त्या भिंतीच्या कपारींसाठी भांडतायत.